डक्टमधून

शारजात रोला चौकात जिथे वड होता
तिथे आता वडाच्या आकाराची पोकळी उभी आहे.
तिच्यामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर,
सहा खाटांच्या खोलीत
आम्ही दर गुरुवारी रात्री राक्षस मारायचो.

कॉम्प्युटर एक, खुर्ची एक,
म्हणून मकबूल साखरकर चालायचा
आणि मी गोळ्या झाडायचो.
बाणांची बटणं त्याची, माउस माझा:
एकाच शिपायाचे पाय गुहागरचे, हात लांज्याचे.
वळण आलं की तो खुर्चीसकट वळायचा,
मी अर्ध्या बुडावर तोल सांभाळत,
आणि वर त्याचंच ओरडणं,
"मार ना गुरवा, आरती काय ओवाळतोयस!"

दिवसा तो एसीचे डक्ट बसवायचा.
त्यामुळे गेममध्ये डक्ट लागला
की आमचा शिपाई जागीच थांबायचा.
मागे तीन राक्षस, आणि हा वर बघत,
"जोड कुठाय याला? टेप कुठाय? इन्सुलेशन?
या हवेत पत्र्याला घाम न येता राहील होय?"
तिथेच मरायचो. कितीदा.
पडदा लाल व्हायचा,
आणि मागच्या खाटेवरून जेकबचेट्टन
मल्याळममध्ये आमच्या सात पिढ्या काढायचे.

परवा धाकटीने तो गेम पुन्हा आणून दिला,
घासूनपुसून, नव्या रंगात काढलेला.
"बाबा, तुमचा तो चौकोनी माणसांचा."
चौकोनी नाहीत आता.
राक्षसाच्या दाताला लाळेची तार लोंबते
आणि बंदुकीवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे.
धुकं मात्र काढून टाकलंय.
मला वाटायचं, ते भीतीसाठी घातलंय.
धाकटी म्हणाली, तेव्हाच्या मशीनला
लांबचं काढता यायचं नाही, म्हणून.
लांब नुसती एक भिंत होती.
आम्ही दोघं तिला घाबरायचो.

रात्री एकटाच बसलो.
अल नहदा, चौदावा मजला,
बाहेर धूळ अशी की समोरचा टॉवर
कुणी काढायचाच राहिल्यासारखा.
नेम अजून आहे. पण पाय जमेनात.
डाव्या हाताला वाटच माहीत नाही,
दारं उघडी असून मी चौकटींवर आपटत राहिलो,
हळू आवाजात, घरचे निजलेत म्हणून.

आणि मग डक्ट आला.

जोड होते. चंदेरी टेप होती,
एका कोपऱ्यात जरा सुटलेली, जशी खरी सुटते.
इन्सुलेशन काळं, आणि त्याच्या पोटाखाली
एक थेंब
फुगून, थांबून, पडत होता.

मी राक्षसांना पाठ दाखवून फोटो काढला.

मकबूल नऊ साली गेला. कंपनीच बसली.
नायलॉनच्या दोरीने बांधलेली दोन खोकी,
आणि विमानतळावर मिठी नाही, फक्त
"कीबोर्डचं डावीकडचं बटण चिकटतं, बघ जरा."
आता तिकडे पोफळीची रोपं विकतो.
ईदला मी, गणपतीला तो,
वर्षाला दोन निरोप एवढाच व्यवहार.
काही न लिहिता फोटो पाठवला.
तिकडे दोन वाजून गेले असतील.

उत्तर लगेच आलं.
ना "कसा आहेस", ना "किती वर्षांनी".
फोटो त्याने बोटांनी ताणून ताणून पाहिला असणार.

"काम बरं आहे. एक हँगर कमी आहे."

गेममध्ये एक बटण दिलंय:
दाबून धरलं की जुनं दिसतं, सोडलं की नवं.
मी दाबलं.
राखाडी पत्रा, चार रेषा, धुकं.
वर बघितलं, नीट, त्याच्यासारखं, मान मोडून.
जुन्यात तर एकही हँगर नव्हता.

बोट उचललं नाही बराच वेळ.